दादा सकाळी कुठे गेला होता?

पंधरा दिवसांपूर्वी हॉस्पिटलात दादाची एक थाप ऐकली आणि मला हसू आलं नाही...

दादा माझा मोठा भाऊ. स्वादुपिंडाला सूज, तीन आठवडे उलट्या, पोटात काही ठरत नव्हतं. घरी होता तेव्हा मीच तासातासाला ग्लुकोजचं पाणी पाजत होते, ताकद यावी म्हणून.

त्या दिवशी भेटायला आलेल्या शेजाऱ्यांना तो म्हणाला, "सकाळीच अफझलगंजला जाऊन आलो. लायब्ररीत पेपर वाचला, चहा मारला." सगळे हसले. दादा थापाड्याच आहे आमचा. पण या वेळी तो खरंच जाऊन आल्यासारखं सांगत होता...

वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं, ही नेहमीची थाप वाटत नाही. ती म्हणाली, "ताई, तुम्हाला चेष्टेचाही पुरावा लागतो!"

खरं आहे. या सवयीपायी मी बरीच माणसं दुखावलीत. दहा मिनिटं कॉरिडॉरमध्ये घुटमळले. आजारी माणसाची थाप डॉक्टरांना काय सांगायची? शेवटी सांगितली.

ड्यूटीवरची डॉक्टर हसली नाही. तिने दादाच्या डोळ्यांसमोर बोट फिरवलं, तर बुबुळं थरथरत होती. उभं केलं तर झोकांड्या... "कित्ते दिन से कुछ नहीं खाए?" तीन आठवडे, म्हटलं.

शरीरातलं थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, संपत आलं होतं. त्याच्याविना मेंदू उपाशी राहतो, न घडलेलं घडल्यासारखं वाटू लागतं, आणि नुसतं ग्लुकोज देत गेलं तर उरलंसुरलंही खर्च होतं. उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते, डॉक्टर म्हणाली. रिपोर्टची वाट न बघता तिने शिरेतून इंजेक्शनं सुरू केली.

दोन दिवसांत बुबुळं स्थिर! पाचव्या दिवशी तिने सकाळचं विचारलं, "भाईसाब, सुबू कहाँ गए थे?" दादा वैतागला, "कहाँ जाता अम्मा? तुम खाट से उतरने देरे क्या?"

वहिनी हसता हसता रडायला लागली. मी बाहेर जाऊन चक्क टाळ्या वाजवल्या.

ग्लुकोजचे ते ग्लास अजून आठवतात. माहीत नव्हतं, एवढंच म्हणू शकते. म्हणून लिहितेय... घरात कुणाचं खाणं बरेच दिवस सुटलं असेल, उलट्या थांबत नसतील, तर डॉक्टरांना बी-१बद्दल विचारा. संकोच करू नका.

काल दादा अंबरपेठेत घरी आला. दोन जिने एकटा चढला, सावकाश, कठड्याला एकदाच हात लावून. मी मागे, दोन्ही हात पुढे करून.

"हात खाली घे गं," तो न वळता म्हणाला, "पडत नै मी."

आणि नाही पडला!