वैजूताई आणि बंद न होणारी चौकट

वैजूताई पहिल्या दिवशी ऑफिसात आल्या, खुर्चीत बसल्या आणि समोरचा माऊस मनगटानं ढकलत टेबलाच्या पार कडेला नेला. "ह्यो उंदीर कुनाला पायजे असंल तर घेऊन जा," म्हणाल्या. "आमच्या पासली गावात भाताच्या कणगीपाशी उंदीर दिसला तर हाकलत्यात. हितं टेबलावर कशाला पाळायचा?"

आम्ही हसलो. मग त्यांनी हात कीबोर्डवर ठेवले आणि आमचं हसणं थांबलं. संधिवातानं दोन्ही हातांची बोटं वाकून एका बाजूला कलली होती. माऊस त्यांच्या मुठीत मावणारच नव्हता. एका बोटाचं पेर आणि अंगठ्याची कड, एवढ्यावर त्या टाइप करत. सावकाश, पण न थांबता.

भोरच्या बाजारपेठेत भांड्यांच्या दुकानाच्या वर आमचं छोटं ऑफिस. लहान दवाखान्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवायचो. मालक विलासराव. स्क्रीन कशी दिसेल ते मी ठरवायची आणि वैजूताई ते सगळं वापरून तपासायच्या. त्यांनी "चालंल" म्हटल्याशिवाय काही बाहेर जायचं नाही, असा नियम विलासरावांनीच घातलेला.

पुण्यात राहून त्या कॉम्प्युटर शिकल्या होत्या. त्यांचे लेखी अहवाल स्वच्छ प्रमाण मराठीत असत. भांडताना मात्र त्या पासलीच्याच बोलीत भांडत. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या, "पुस्तकातल्यावानी बोललं की लोकं सभेला बसल्यागत ऐकत्यात. मनावर कोन घेतंय?"

खरं भांडण झालं ते डायलॉगवरून. काम चालू असताना मध्येच उघडते आणि काहीतरी विचारते, ती छोटी चौकट. विलासरावांना कुठल्याशा मोबाईल अ‍ॅपमधल्या चौकटी आवडल्या होत्या. गोल कोपरे, 'बंद करा'चं बटण नाही, बाहेर कुठंही क्लिक केलं की चौकट गायब. "किती सुटसुटीत!" ते म्हणाले. मी तशा करून दिल्या.

वैजूताईंनी एक उघडली. टॅब दाबला, तर कर्सर चौकट सोडून मागच्या पानावर गेला. एस्केप दाबला, काहीच झालं नाही. त्यांनी मला हाक मारली.

"आत आले. आता हितनं भाईर कसं जायाचं त्ये दाव."

"बाहेर कुठंही क्लिक करायचं, ताई."

"कशानं?"

विलासराव आपल्या टेबलावरून म्हणाले, "अहो वैजूताई, सगळं जग माऊस वापरतं. एका माणसासाठी सगळं बदलायचं का?"

"एक दिसतीया, कारन मी तुमच्या समूर बसलीया," वैजूताई म्हणाल्या. "बाकीच्यांला तुमी आत येऊच दिलं न्हाई, तर दिसतील कुटनं?"

मी आपला मधला मार्ग काढला. कुठल्याही चौकटीत एंटर दाबला की 'हो' असं करून टाकलं. दुपारी वैजूताईंचा अंगठा एंटरवर घसरला. समोर 'या रुग्णाची नोंद पुसायची का?' ही चौकट होती. नोंद गेली. चाचणीसाठी भरलेली खोटीच होती, पण त्या माझ्यावर उखडल्या. "मी दार मागितलं, तर तू भिताडच पाडलंस व्हय गं?"

म्हणजे एंटरनं 'हो' होणं बंदच करायचं? तसं एका दवाखान्यात लावून पाहिलं. किकवीचा दवाखाना. तिथली रिसेप्शनिस्ट रेखा आम्हाला पाहताच कुरकुरली. "ताई, प्रत्येक पेशंटला टॅब टॅब करत 'हो'पर्यंत जायचं. माझी रांग दारात जाते." मला वाटलं, आता इथं जुंपणार. पण वैजूताई सकाळभर तिच्या शेजारी स्टुलावर बसून राहिल्या, तिचे हात बघत. परतताना म्हणाल्या, "पोरीचं खरं हाय. नव्या नोंदीला एंटर म्हंजी 'हो'. पुसायचं असंल तितं एंटर म्हंजी 'नको'. एस्केप दाबला की कुटूनबी भाईर. आन माऊसवाल्यांचा भाईरचा क्लिक राहू दे, त्यांनी काय पाप केलंय?"

विलासराव तेवढं थांबले नाहीत. त्यांनी गिऱ्हाइकांना तारीख दिली होती. पहिलीच चौकट, एस्केप नसलेली, वैजूताईंच्या "चालंल"शिवाय बाहेर गेली. वर वैजूताईंना तपासणीवरून काढून तक्रारींच्या फोनवर बसवलं. त्या "बरं" म्हणाल्या. मला ते "बरं" बरं वाटलं नाही.

थोड्याच दिवसांत विंझरहून एका डॉक्टरांचा फोन आला. माऊस बंद पडलाय, चौकट जात नाही, पेशंट खोळंबलेत. वैजूताई शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, जरा थांबा. ज्यांनी ही चौकट मंजूर केली, त्यांनाच फोन देते." आणि फोन थेट विलासरावांसमोर नेऊन धरला.

"एस्केप दाबून बघा... टॅब दाबा... बरं, मग कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करा," विलासराव सांगत होते. अर्धी भरलेली माहिती गेली तेव्हा डॉक्टरांचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

पुढचा तसला फोनही वैजूताईंनी त्यांनाच दिला. त्याच्या पुढचाही. चौथ्या खेपेला विलासरावांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे वळले. "ताई म्हणतात तसं करून टाक."

"आदी मला फोनवरनं उठवा," वैजूताई म्हणाल्या. "आन 'चालंल' मीच म्हननार."

नव्या चौकटी त्यांच्या सांगण्याप्रमाणे झाल्या. रेखाची रांग हलली, डॉक्टरांचे फोन थांबले. पुढं वर्षभरानं वैजूताईंना पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीनं मुलाखतीला बोलावलं. मुलाखत झाली, आणि त्या आम्हाला सोडून निघाल्या. भोरच्या एसटी स्टँडवर मी त्यांना पोचवायला गेले होते.

"मुलाखतीत काय विचारलं?" मी म्हटलं.

"म्हनले, असल्या हातांनी तुमी काम कसं करनार? मी म्हनलं, माज्या हातांचं मला ठावं हाय. तुमचं सॉफ्टवेअर काय करतंय त्ये उगडा, बगू."

"मग?"

"उगडलं. दुसऱ्याच चौकटीत अडकलं. सोमवारपास्नं बोलावलंय."

स्वारगेटची गाडी लागली. पायऱ्या उंच होत्या. कंडक्टर भला माणूस. तो खाली उतरला आणि त्यांना उचलून चढवायला हात पुढं केले. वैजूताईंनी मान हलवली.

"उचलू नका. मी चढते. गाडी तेवढी थांबवा."

कंडक्टरनं ड्रायव्हरला थांब म्हणून खूण केली. वैजूताईंनी कोपर दांड्यात अडकवलं आणि एकेक पायरी चढायला लागल्या. मागं लोक ताटकळले, कुणीतरी घाईचं बोललं. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. त्या आत जाऊन बसेपर्यंत गाडी थांबली होती.