समोरच्या दारातला नवस

आमचे पाळकसाहेब उपासनेत वरचेवर म्हणतात, "तुमचं जगणं पाहून लोक प्रभूकडे यावेत." मी तोंडाची फटकळ, भाजीवाल्याशी रोज वाद घालणारी बाई. माझं पाहून कोण कशाला येतंय? त्यामुळे मी निर्धास्त होते.

आली ती आमच्या समोरच्याच दारातली शेजारीण, लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरमधली. मूळची पुण्याची, गुडगावला एका कंपनीत नोकरी, नवरा केंद्र सरकारात अधिकारी. माझ्या यजमानांची बायपास झाली तेव्हा ऑपरेशन थिएटरबाहेर ती माझ्या सोबतीला बसली होती. मी आमची गीतं गुणगुणत होते. भीतीने, दुसरं काय! यजमान बरे होऊन घरी आले आणि हिने मनाशी पक्कं केलं, की काकूंचा देव ऐकतो.

यंदा तिचाच नवरा आजारी पडला. लिव्हर निकामी होत चाललेलं. त्याच हॉस्पिटलात, आयसीयूबाहेर, आता मी तिच्या सोबतीला बसले.

"काकू, मी नवस बोललेय," ती म्हणाली. "हा घरी आला ना, की मी बाप्तिस्मा घेणार. बिल्कुल पक्कं. आईलाही सांगून टाकलंय."

मी म्हणाले, "अगं, प्रभूला नवस बोलायचा नसतो. त्याच्याशी असा व्यवहार करत नाहीत."

"अच्छा? मग काय करायचं?"

"नुसतं मागायचं. आणि तो देईल ते..." आत तिचा नवरा नळ्यांमध्ये पडलेला. माझा घरी सोफ्यावर बसून चहात साखर कमी म्हणून कुरकुरत होता. देईल ते स्वीकार, असं मी कोणत्या तोंडाने सांगणार होते?

"मग दोन्ही करते ना," ती म्हणाली. "मागते पण, आणि नवस पण राहू दे." तिने चपला काढल्या, ओढणी डोक्यावर घेतली आणि डोळे मिटले. मीही मिटले. देवा, हिला माझ्यामुळे तोंडघशी पाडू नकोस, एवढंच मला सुचलं.

तो दुसऱ्या दिवशी गेला.

त्याचं दिवसकार्य उरकल्यावर ती माझ्याकडे आली. मी मनाची तयारी करून ठेवली होती. देवावर चिडेल, मला वाटेल ते बोलेल, प्रार्थना वगैरे सगळं थोतांड म्हणेल. म्हणू दे, आपण ऐकून घ्यायचं. खरं सांगायचं तर मी त्याचीच वाट बघत होते.

ती चिडली नाही. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि हळूच म्हणाली, "काकू, नवस बोलायचा नसतो, असं तुम्ही सांगितलं होतंत. मी ऐकलं नाही. म्हणूनच गेला ना तो?"

मी नाही म्हणाले. प्रभू तसा नाही, असं पुन्हा पुन्हा, जीव तोडून सांगितलं. माझा आवाज चढला, मला रडू फुटलं.

तिने माझा हात थोपटला. "राहू दे, काकू. मला बरं वाटावं म्हणून म्हणताय तुम्ही."