भांडी पडली का?

भूकंप मोजणाऱ्या बाईला झोप नसते, असं माझ्या सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. खरंच आहे ते. नाशिकच्या आमच्या फ्लॅटमध्ये वरच्यांनी पलंग सरकवला तरी मी ताडकन उठून बसते.

पेठच्या बाजूला डोंगरात जमीन अधूनमधून गुरगुरते. मोठा धक्का आलाच, तर कुठं किती हादरेल याचा अंदाज बांधणं हे माझं काम. पायथ्यापेक्षा माथ्यावर जास्त हलतं, हे मला तोंडपाठ. पण आमची यंत्रं पायथ्याशी, कारण वीज आणि रस्ता तिथंच. म्हणून धक्का बसला की मी माथ्यावरच्या पाड्यात घरोघर फिरायचे आणि विचारायचे, भिंतीला तडा गेला का? मांडणीवरची भांडी पडली का?

गेल्या हिवाळ्यात असाच एक धक्का बसला. खालच्या गावात घरोघर भांडी पडली होती. वर पाड्यात एकाही घरात नाही. कॉम्प्युटर उलटं सांगत होता. मी म्हटलं, माणसं खोटं कशाला बोलतील? खरं सांगायचं तर कॉम्प्युटरला खोटं पाडल्याचा मला आनंदच झाला. ‘माथ्यावर हादरा सौम्य’ असं लिहून मी मोकळी झाले. त्या कागदावर माथ्यावरची रिकामी पडलेली पक्की इमारत मुलींच्या वसतिगृहाला द्यायचं ठरलं.

मे महिन्यात मी परत वर गेले. इमारतीला रंग लागला होता. पाड्यातल्या एका मावशींनी चहाला बोलावलं. त्यांची मुलगी सातवी पास झालेली, जूनपासून त्या वसतिगृहात जाणार होती. मावशी पातेलं घ्यायला खाली वाकल्या आणि माझं लक्ष गेलं. सगळी भांडी जमिनीवर, कुडाच्या भिंतीला लागून पालथी घातलेली. वर मांडणीवर फक्त एक कंगवा.

“मावशी, मांडणी रिकामी का?”

“दोन वर्सं झाली की. हितं लय हालतं. सारखं उचलत कोण बसंल? अख्ख्या पाड्यानंच खाली घेतली.”

“अहो, मग मी विचारलं तेव्हा सांगायचं नाही का?”

“ताई, तुम्ही इचारलं, भांडी पडली का. नाय पडली.”

अगं आई गं! आणि काठ्यांचा कूड हलला तरी लवतो, त्याला तडा तरी कुठून जाणार? प्रत्येक घरात मी मान खाली घालून फॉर्म भरत होते. एवढी शिकलेली मी, एकदा वर बघायला काय झालं होतं?

तिथूनच ऑफिसात आमच्या साहेबांना फोन लावला. “साहेब, माझी चूक झालीय. वरच्या इमारतीत मुली ठेवू नका.”

“आता सांगताय? रंगसुद्धा झाला!” मग म्हणाले, “लेखी द्या. खाली जागा शोधू. पण या वर्षी काही होईलसं वाटत नाही.”

मावशी सगळं ऐकत होत्या. चहा उतू गेला तरी हलल्या नाहीत.

“मंग पोरीला तिथं ठेवू का नको?”

असा सरळ प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. “नको, मावशी,” मी म्हटलं.

“बरं. मंग यील माझ्यासंगं द्राक्षाच्या कामाला. आम्ही सा-सा महिने बागंला गेल्यावर शाळंसाठी हितं एकटी कशी ठेवू?”

वसतिगृहासाठी खाली जागा अजून शोधतायत. पोरगी आईबरोबर दिंडोरीकडं बागेत काम करते. मोठा धक्का अजून आलेला नाही. तो येऊ नये म्हणून मी रोज देवापुढं हात जोडते, अगदी मनापासून. आणि हात जोडलेले असतानाच मनात येतं, तो नाहीच आला, तर त्या पोरीची शाळा मी कशासाठी बुडवली?