सातव्या पुटाआधी

आमसूल दोन बोटांत धरून दाबायचं, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "अजून नाय." ही आमच्या वाडीतल्या काकींची सवय. कोकमाच्या साली रसात बुडवायच्या, उन्हात वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या. अशी सात पुटं. सहाव्या पुटाला व्यापारी दारात उभा राहिला तरी त्याला माल मिळत नसे.

हा व्यापारी दोडामार्गावरून पोती गोव्यात न्यायचा. पुढे तेच आमसूल छानशा पाकिटात, भलत्याच नावानं, कुडाळच्या दुकानात दिसायचं. मला ते बघवेना. आपला माल, आपलं नाव, अशी पत्रकं मी तेव्हा वाटत होतो. म्हटलं, "काकी, यंदा पोती देऊ नका. खाद्यपदार्थ विकायचा परवाना काढू."

"माजो हात सांगता मां, मगे कागद कित्याक?"

"कागदाशिवाय दुकानदार तुमचं पाकीट ठेवणार नाही."

"आणि तुजी पत्रकां? ती परवानो काढून वाटतंस?" त्या हसल्या, पण अर्ज भरायला बसल्या. वाळवणाचं यंत्र कोणतं, या रकान्याशी मी अडलो. त्यांनी समोरच्या अंगणाकडे बोट केलं. "खळा लिव."

व्यापाऱ्याला परत पाठवलं. परवान्याच्या कार्यालयातून तपासणीला साहेब येणार होते. या आठवड्यात, मग पुढच्या. काकी सहाव्या पुटावर थांबल्या. "सातवा सायबांसमोर देतलंय. कसा करतत ता तेंका कळाक व्हया."

मी रोज कार्यालयात फोन करी. "गाडी मिळाली की येऊ." काकी आधी आभाळाकडे बघत, मग रस्त्याकडे.

"देऊन टाका पूट," मी म्हणालो.

"आणि सायब इले तर दाखवू काय?"

साहेब आले तेव्हा आभाळ भरून आठवडा झाला होता. खळं रिकामं, साली घरात, पांढरी बुरशी धरलेल्या. त्यांनी लिहिलं, 'भेटीच्या वेळी उत्पादन चालू नव्हते.' सरबत मात्र दोन पेले प्यायले.

तुम्ही म्हणाल, खाण्याची वस्तू, नियम हवेतच. हवेतच. पण कोकमाच्या हंगामात ज्या कार्यालयाची गाडी निघत नाही, ते व्यापाऱ्याचंच काम करतं; तसा हेतू असो वा नसो. आणि मी? आभाळाचा विचार मीही केला नव्हता.

"तोंड कित्याक पाडतंस, झिला?" काकी एवढंच म्हणाल्या.

आता त्या गोव्यात बहिणीकडे राहतात. एका कारखान्यात आमसूल पाकिटात भरतात. इथे घराला कुलूप आहे.

परवा कुडाळच्या दुकानात तसलंच एक पाकीट उचललं. परवान्याचा क्रमांक ठळक छापलेला. प्लास्टिकवरूनच दोन बोटांत दाबलं, डोळे मिटले.

अजून नाय.