राइट-क्लिकमधले काका

माझ्या थोरल्या बहिणीचं अकोटात लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. तिची पद्धत साधी: मागच्या लग्नाची फाइल उघडायची, नावं बदलायची, छापायची. एकदा नवरी नवी आणि सासरा आधीच्या लग्नातला, अशी पत्रिका गेली. तेव्हा मी अमरावतीहून एसटीने धावत आलो. कोणी बोलावलं नव्हतं. पण मी अमरावतीत कॉम्प्युटरची नोकरी करतो आणि अकोटात येऊन तिचा तोरा मिरवतो.

तिच्या माऊसचं उजवं बटण दाबलं की हाताएवढा लांब मेनू पडायचा. त्यातल्या दोनच ओळी ती वापरायची. मी काळी खिडकी उघडली आणि एकेक कमांड टाइप करत बिनकामाच्या ओळी उडवत सुटलो.

"माऊस हाय ना हाताशी? कावून टाइप करून राहिला?" ती म्हणाली.

"माऊसनं कोणीही करते," मी म्हणालो. एवढा शहाणपणा ऑफिसात केला असता तर मार खाल्ला असता.

शेवटी मेनू चार ओळींचा झाला. सगळ्यात वर माझी ओळ: 'नवी पत्रिका'. ती दाबली की गणपतीसकट कोरी पत्रिका हजर. साचा म्हणून मी डेस्कटॉपवर पडलेली एक जुनी पत्रिका घेतली होती आणि तिच्यातली सगळी नावं पुसली होती. सगळी, असं मी छातीठोकपणे सांगितलं.

खाली 'विनीत'च्या यादीत एक नाव उरलं. हिवरखेडचे एक काका. त्या मोसमात ते आठ लग्नांत विनीत होते आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण आमच्याकडे प्रूफ तपासणं म्हणजे आपलं नाव आहे ना, एवढं पाहणं. नवऱ्याला वाटे, हा बायकोकडचा असेल. बायकोला वाटे, ह्यांच्याकडचा. विचारून भांडण कोण ओढवून घेणार?

नववी पत्रिका मात्र काकांच्या सख्ख्या भावाच्या मुलीची निघाली. माझा साचाही त्याच घरचा होता, आधी झालेल्या मुलाच्या लग्नाचा. मधल्या काळात शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघा भावांचं बोलणं बंद झालं होतं. छापलेली पत्रिका हातात घेऊन तो भाऊ दुकानात आला, तेव्हा रविवार होता आणि मी तिथेच होतो.

"हे नाव कोनं टाकलं? मी देल्लं नव्हतं."

बहिणीने माझ्याकडे बोट दाखवलं. मी म्हणालो, आजच बदलून देतो. त्याने त्या नावावर अंगठा ठेवला.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "छापलं तं छापलं."

तो गेल्यावर मी साच्यातून ते नाव काढलं.

लग्नानंतरच्या रविवारी काका स्वतः आले. हातात तीच पत्रिका, लॅमिनेट करायला.

"मले वाटलं होतं, भावानं माह्यं नाव पुसलं," ते म्हणाले. "त्यानंच टाकलं ना हे?"

माझ्या बहिणीच्या तोंडात तीळ भिजत नाही. माझी ही चूक तिने अर्ध्या अकोटाला सांगितली होती. मी डोळे मिटले.

"त्यायनंच ठेवलं, काका," ती म्हणाली.

खोटं नव्हतं ते. काकांची माफी मागायला दोन वाक्यं जुळवून ठेवली होती, ती गिळली आणि लॅमिनेशनचं मशीन तापायला लावलं.