भिंतीवरचा घण
झेंडूचा वास आला की मला ती खंडेनवमी आठवते. मुळशीतल्या आमच्या गावची दगडखाण बंद पडून तिच्यात पाणी साचलं होतं आणि काठावर रिसॉर्ट झालं होतं. गावाची ओळख जपायची म्हणून त्यांनी घरोघरचे घण, पहारी मागून नेल्या. आम्हीही हौसेनं दिल्या. त्या सकाळी वडील हळदकुंकू घेऊन निघाले, मी बरोबर गेले. जेवणाच्या हॉलमध्ये पिवळ्या दिव्याखाली त्यांचा घण टांगला होता. दांड्यावरचा त्यांच्या हाताचा काळा डाग पॉलिशखाली बुजला होता. वडिलांनी कुंकू लावलं, झेंडू वाहिला. पाहुण्यांनी हौसेनं फोटो काढले. पाहुणे जेवायला बसताच वेटर ओलं फडकं घेऊन आला. "काका, भिंतीला डाग पडेल." "आरं, आज पूजलेल्या अवजाराला हात लावत न्हाईत. उद्यापातुर तरी ऱ्हाऊ दे," वडील म्हणाले. तो हसला आणि पुसत राहिला. वडील उरलेलं हळदकुंकू घेऊन घरी परतले. आता ते नाहीत. परवा मी एका लग्नासाठी त्या हॉलमध्ये गेले, तर घणावर कुंकू होतं. बोट फिरवून पाहिलं. ऑइलपेंटचं होतं.