कबरीवरचा घुमट

नव्वदच्या दशकात मी उज्जैनला सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढायचो. भरती बंद झाली होती आणि निवृत्त झालेल्या दोघांची टेबलं माझ्याच गळ्यात पडली होती. बाहेर फ्रीगंजच्या बाजारात रोज नवं शोरूम उघडायचं. आमच्या खोलीतला पंखा मात्र मनाला येईल तेव्हा फिरायचा. त्यातच सिंहस्थ तोंडावर आला आणि रस्ते रुंद करायचा हुकूम निघाला.

एका रस्त्याच्या आखणीत जुन्या ख्रिस्ती कबरस्तानाचा कोपरा येत होता. तिथे इंग्रजांच्या काळातली गॉथिक समाधी होती: दगडी खोली, चारही बाजूंना टोकदार कमानी, वर सुळक्यासारखा कळस आणि खाली तळघर. तळघराच्या भिंतीत शवपेट्यांसाठी कोनाडे होते. मापं घ्यायला गेलो तेव्हा एक निवृत्त नर्सबाई तिथे झाडू मारत होत्या. दोन कोनाडे शिळा लावून बंद केलेले होते, एकात त्यांचे आजोबा, दुसऱ्यात आई. आईच्या शेजारचा कोनाडा रिकामा होता.

"बाबूजी, वो मेरी जगह है," त्या म्हणाल्या. "रास्ता थोड़ा सरका दीजिए. मेरे आगे-पीछे कोई नहीं."

मी हो म्हणालो, आणि मनापासून म्हणालो.

ऑफिसात साहेबांपुढे विषय काढला. साहेब मराठीच. त्यांनी कागदावरून मान वर न करता सांगितलं, "अहो, छत्री लिहून टाका न! छत्रीला कोण हात लावतंय? झंझट खत्म."

त्यांचं बरोबर होतं. आपल्याकडे सरदार-दरकदारांचं दहन झालं की त्यांच्या आठवणीसाठी घुमटाची छत्री बांधत. तिच्यासाठी रस्ता वळतो. मी छत्री लिहिलं आणि रस्ता वळला.

इथवर मला आजही काही वाटत नाही. लाज वाटते ती पुढच्या गोष्टीची. छत्री म्हटल्यावर तिची डागडुजीही मंजूर झाली आणि नकाशा मागितला गेला. टोकदार कमान काढायची तर कंपास दोन जागी रोवून दोन कंस जुळवावे लागतात. अशा चार कमानी, शिवाय तळघराचा छेद. मला कंटाळा आला. कपाटात एका छत्रीचा जुना नकाशा तयार होता. त्यावरच मापं बदलली आणि दिला पुढे ढकलून. म्हटलं, मिस्त्री जागेवर बघून घेईल, चुना फासेल, सुटलो.

मिस्त्री नेमका कामाचा पक्का निघाला. महिन्याभराने गेलो तर कळस उतरवून घुमट बसवलेला, कमानींची टोकं विटांनी भरून गोल केलेली. आणि तळघराच्या पायऱ्या दिसेनात.

"साहब, छत्री के नीचे तो कोई होता नहीं," मिस्त्री म्हणाला. "नीचे सब खोखला था, गुंबद बैठ जाता. मलबा डालके सिमेंट भर दी. पुण्य का काम था, ढंग से किया."

कागदावर छत्री होती, ती त्याने बांधली. शिळांवरची इंग्रजी अक्षरं त्याला वाचता येत नव्हती. मला येत होती.

रविवारी नर्सबाई येणार हे माहीत होतं, म्हणून त्या दिवशी परत जाऊन थांबलो. त्यांनी सगळ्या बाजूंनी एक फेरी मारली. पायऱ्यांच्या जागी सिमेंटवर उभ्या राहिल्या. मी काही न लपवता सांगितलं, "गलती मेरी है. नक्शा मेरा है."

"मम्मी अंदर ही हैं न?"

"हाँ."

"तो अब मैं कहाँ जाऊँगी, बाबूजी?"

फोडून देतो म्हणालो. अर्ज केला, साहेबांनी बाजूला ठेवला; दुसरा केला, तोही पडून राहिला. तिसरा मी केलाच नाही. खरं सांगायचं तर थकलो होतो.

चार-पाच वर्षांनी त्या गेल्या. जुनं कबरस्तान केव्हाच भरलेलं होतं; शहराबाहेरच्या नव्या कबरस्तानात, अनोळखी माणसांच्या रांगेत त्यांना जागा मिळाली. पाद्री होते, एक शेजारीण होती आणि मी. माती लोटायला माणसं कमी पडत होती, तेव्हा पाद्रींनी फावडं माझ्या हातात दिलं.